वर मागून घेतलेला डबा

चौकातल्या सर्जिकल दुकानदाराने मला फसवलं आणि मी माझ्या बायकोला फसवलं. त्याने एकदाच फसवलं. मी नऊ दिवस फसवत होतो, रोज स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाला मास्क लावून.

मी आधी हिंगण्याच्या एका कंपनीत पत्रा कापायचो. साहेबाशी भांडण झालं, नोकरी सोडली आणि सक्करदऱ्यात कूलरचं दुकान टाकलं. कूलरच्या जाळ्यांमध्ये वाळा नाहीतर लाकडाचा किस भरायचं काम पहिल्या उन्हाळ्यापासून बायकोचं. होळीच्या आधीपासून ती पोत्यांच्या मधोमध बसलेली असायची, नाकाला पदर लावून, आणि उन्हाच्या तिरिपेत तिच्याभोवती भुसा उडताना दिसायचा. घरी चूल होतीच. बिडीला तिने जन्मात हात लावला नाही, तरी पन्नाशीत तिची फुफ्फुसं बिडी ओढणाऱ्याची झाली. डॉक्टर म्हणाले, हा दमा नाही, सीओपीडी आहे, श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत. पूर्ण बरं होणार नाही, पण औषध रोज घेतलं तर सांभाळता येईल. त्यांनी तोंडाने ओढायचा औषधाचा पंप लिहून दिला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

ती पंप दाबायची आणि अर्धा फवारा तोंडातून परत बाहेर यायचा. मी ते रोज पाहत होतो. मला वाटायचं, असंच असतं.

"काही फरक नाही पडून राहिला जी," ती म्हणायची.

त्याच दिवसांत शेजारच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात भरती केलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या तोंडाला औषधाची वाफ करणाऱ्या मशीनचा मास्क होता, वाफ निघत होती, आणि थोड्या वेळाने म्हातारा उठून माझ्याशी गप्पा मारायला लागला. माझं डोकं तिथेच फिरलं. ज्या वस्तूला मोटर असते ती बिनमोटरच्या वस्तूपेक्षा चांगली, हे मी धंद्यात शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी सर्जिकल दुकानात गेलो.

"काकाजी, ही मशीन म्हणजे घरातला दवाखाना," दुकानदार म्हणाला. "दम लागला की लावा."

"दिवसातून किती वेळा?"

"जेवढ्या वेळा दम लागन तेवढ्या वेळा. तुमचीच मशीन आहे."

त्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. मीही दाखवली नाही. औषधाच्या पाच छोट्या प्लास्टिकच्या कुप्या त्याने सोबत दिल्या. मग मी माझ्या सवयीवर गेलो.

"वर काय देतो?"

आमच्या धंद्यात हे असंच चालतं. कूलर घेणारा वर स्टँड मागतो, वाळ्याची एक जास्तीची जाळी मागतो, आणि मला द्यावी लागते. दुकानदाराने हात जोडले. मी उठलो, पायऱ्या उतरलो. गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की दुकानदार हाक मारतो, हे मला माहीत होतं. त्याने मारली. फळीखालून एक डबा काढला, आत तशाच कुप्या, भरपूर.

"हे बी लावता येते ना?" मी विचारलं.

"मशीनमध्येच लागते काकाजी, आणखी कुठी लागन?"

मी डबा पिशवीत टाकला आणि स्कूटरवर बसून घरी येईपर्यंत खुशीत होतो.

घरी आल्यावर पंप मी कपाटात ठेवून दिला. "आता याची गरज नाही वं."

"डॉक्टरले इचारा ना एक डाव."

"काय इचारायचं त्याईले? दवाखान्यात हेच लावतात."

पहिल्या पाच कुप्या दोन दिवसांत संपल्या. त्या दोन दिवसांत तिला खरंच मोकळं वाटलं. ती अंगणातल्या तुळशीला पाणी घालून आली. तिसऱ्या दिवशी मी डब्यातली कुपी फोडली. दिसायला अगदी तशीच, वर इंग्रजीत बारीक अक्षरं. मी सातवी शिकलेला माणूस. पण कूलरच्या मोटरवरचं इंग्रजी मी लावून वाचतो, अडलं तर विचारतो. हे वाचलं नाही.

दिवसातून तीन वेळा लावायचो, मग पाच वेळा झालं, मग मोजणंच सोडलं. मशीन घरघरत राहायची आणि ती पलंगाच्या काठावर, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसलेली. तिचे खांदे प्रत्येक श्वासाला वर जायचे.

"तोंड खारट होते जी याच्यानं," ती एकदा म्हणाली.

"औषध आहे. गोड लागन काय?"

तिने मला सांगितलं होतं. त्या घरात खरं काय ते तिच्या जिभेला कळलं होतं, आणि मी तिच्यावर खेकसलो.

शेवटच्या दिवशी सकाळी तिला आंघोळीला जाता आलं नाही. दहा वाजता ती एका श्वासात एकच शब्द बोलत होती. नखं निळसर पडली होती. मी कूलर तिच्याकडे फिरवला आणि नवी कुपी फोडली.

"पुरे," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "न्या." परत श्वास. "मले."

"एवढी एक लावतो. मग जाऊ."

ती एक आणि त्यानंतरची आणखी एक. एवढा वेळ मी तिला त्या पलंगावर बसवून ठेवलं. दुसरी लावली तोवर तिची मान खाली पडायला लागली. तेव्हा ऑटो बोलावला.

सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं. नर्सने विचारलं, घरी काय दिलं? मी खिशातून कुपी काढून दिली. तिने उजेडात धरून वाचली.

"काका, हे मिठाचं पाणी आहे."

"औषध आहे ते."

"औषध पातळ करायला वापरतात हे. याच्यात औषध नाही."

मी तिच्याशी भांडलो. चांगलाच भांडलो, वॉर्डातले लोक उभे राहिले. मग माझाच आवाज बसला.

सहा दिवस ती आयसीयूत होती. बाहेर आल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरबाई कपाटातला तो पंप मागवून म्हणाल्या, "काकू, घेऊन दाखवा." तिने दाबला. अर्धा फवारा बाहेर आला. बाईंनी मला विचारलं, "हे आधी कोणी पाहिलं नव्हतं?" त्यांनी पंपाला प्लास्टिकची एक रिकामी नळकांडी जोडली. दाबायचं त्या नळकांडीत आणि मग सावकाश ओढायचं, घाई नाही. तिला जमलं. पहिल्याच दिवशी जमलं.

"मशीन फेकून देऊ काय?" मी विचारलं.

"फेकू नका. ज्याला पंप ओढताच येत नाही, हात थरथरतो, श्वास ओढायला ताकद नाही, त्याला मशीन लागते. दम एकदम वाढला तर तुम्हालाही लागेल. पण मी लिहून देईन तेच औषध आणि तेवढंच. रोजचा पंप बंद करायचा नाही. मास्क रोज धुवायचा. आणि लावूनही आराम पडला नाही, किंवा थोड्याच वेळात परत लावावी लागली, तर तिसऱ्यांदा लावत बसायचं नाही. इकडे यायचं."

"आणि आता जे गेलं ते?"

बाई खाली पाहून कागदावर लिहीत राहिल्या. "ते परत येत नाही काका."

पूर्वी ती संध्याकाळी तलावापर्यंत जाऊन यायची. आता पलंगापासून न्हाणीपर्यंत जाताना मधल्या खुर्चीवर बसते. नाकात ऑक्सिजनची नळी असते.

मी त्या सर्जिकल दुकानात गेलो.

"काय होतं गा त्या डब्यात?"

"सलाइन. डब्यावर लिहून आहे."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही इचारलं काहून नाही? तुम्ही तं वर काय देतो एवढंच इचारलं."

मी काउंटरवरचं बीपीचं यंत्र उचललं होतं, त्याच्या तोंडावर फेकायला. परत ठेवलं. त्याचं बोलणं खोटं असतं तर फेकलं असतं.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. तिने नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाली, "तुम्ही कूलरची मोटर चालवून पाह्यल्याशिवाय घेत नाही. मग माह्या तोंडाले लावाच्या आधी काहून नाही पाह्यलं?"

  मी रोज त्या मधल्या खुर्चीवर बसतो आणि ती रोज माझ्याकडे पाहते.

म्हणून सांगतो. पंप लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी यावं आणि तिला सांगावं की तो घेताना एकदा तरी पाहायला त्यांना किती वेळ लागला असता. दुकानदाराने यावं, तिच्या पलंगासमोर बसावं, आणि चिठ्ठी न मागता मशीन काहून विकली, मी त्या कुप्या औषध समजून नेतोय हे कळत असताना गप्प काहून राहिला, ते तिच्या तोंडावर सांगावं. तुमचं दोघांचं सांगून झालं की तिला उत्तर द्यायची पाळी माझी. मी पळून जाणार नाही, मी त्याच घरात राहतो. पण आधी तुम्ही या. ती अजून ऐकू शकते तोवर या.