बाटली वाजवून पाहणाऱ्या पुतळाबाई

पुतळाबाई गोळ्यांची बाटली कानाशी धरून हलवतात आणि आत किती गोळ्या उरल्यात ते सांगतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते शुद्ध थोतांड वाटलं. एचआयव्हीच्या सरकारी औषध केंद्रात खिडकीमागे बसून मला चौदा वर्षं झाली, रीतसर डी.फार्म. झालेला माणूस आहे मी, आणि मलासुद्धा मोजायला ट्रे लागतो. एकदा मुद्दाम एका बाटलीत अकरा गोळ्या घालून ती त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती खुळखुळवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अकरा. आन् भाऊ, मला तपासता का?"

त्या दिवसापासून त्यांच्या नादी लागायचं नाही असं मी ठरवलं. ते काही जमलं नाही.

मखमलाबादच्या पुढे त्यांचा अर्धा एकर झेंडू आणि थोडी शेवंती आहे. मुलगा ललित पिकअप गाडीतून फुलं बाजारात पोचवतो. बावीस वर्षांपूर्वी नवरा आजारी पडून गेला, त्याच्या तपासणीमागोमाग यांची झाली आणि त्या पॉझिटिव्ह निघाल्या. ललित तेव्हा सहा वर्षांचा होता. तो निगेटिव्ह निघाला. नवऱ्याविषयी बाई एकच वाक्य बोलतात, "माणूस वाईट नव्हता, घाबरट व्हता." त्यापुढे विचारलं तर झेंडूच्या भावावर येतात.

बाईंचा खरा उद्योग वेगळाच आहे. केंद्रात येणाऱ्या पॉझिटिव्ह मुलामुलींची लग्नं त्या जुळवतात. आजवर तेवीस लावलीत. बदल्यात फक्त साडी घेतात, आणि ती आवडली नाही तर नवरदेवाच्या आईला मांडवातच सांगतात. नावनोंदणीसाठी बियाण्याच्या दुकानातून मिळालेली जाडजूड डायरी आहे. तीत नाव, वय, शिक्षण, उंची सगळं असतं, पण पत्रिका नसते. पत्रिकेच्या जागी बाटली.

ओझरच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नोकरी पक्की, घर स्वतःचं, दिसायला देखणा. बघण्याचा कार्यक्रम ऐन रंगात असताना बाईंनी विचारलं, "बाटली आनली का?" मुलाने खिशातून काढून दिली. बाईंनी वाजवली.

"आज बावीस तारीख. तीस गोळ्यांची बाटली एक तारखेला उघडली म्हनता. रातची गोळी अजून घ्यायचीय, म्हंजी नऊ पाहिजे. ह्यात चौदा हायेत."

मुलाची आई घाईघाईने म्हणाली, "प्रवासात राहिल्या असतील हो."

"पाच येळा परवासात? पोरगं नोकरीला हाय का पळून गेलंय?"

लग्न मोडलं. मुलगा मात्र सुधारला. आता महिन्याच्या महिन्याला येऊन रिकामी बाटली माझ्यासमोर आपटतो. मी तीन वर्षं समुपदेशनाचे तक्ते लावून जे साधलं नाही, ते बाईंनी एका भज्याच्या बशीसमोर साधलं. याचा मला थोडा रागच आहे.

माझा दुर्गुण म्हणजे वाचन. जगात या आजारावर कुठे काय संशोधन झालं ते मी शोधून वाचतो, त्याचा सोप्या मराठीत गोषवारा करतो आणि नोटीसबोर्डावर लावतो. तिथे तो कुणीही वाचत नाही. त्यामुळे दुपारी गर्दी ओसरली की बाई माझ्यासमोर स्टूल ओढून बसतात आणि म्हणतात, "हां, काय चिटकवलंय ते तोंडानं सांगा." चहावाला येतो. बाई पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास काढतात आणि बजावतात, "मला बिनसाखरेचा." बाईंना शुगर असणार, हे मी औषधवाल्याच्या नजरेने केव्हाच ओळखलं होतं.

अशाच एका दुपारी मी त्यांना युरोपातल्या जोडप्यांविषयी सांगितलं. जवळपास नऊशे जोडपी. प्रत्येकात एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. जो पॉझिटिव्ह, त्याच्या रक्तातला विषाणू रोजच्या औषधाने इतका कमी झालेला की तपासणीत सापडू नये. या जोडप्यांचा निरोध न वापरता अठ्ठावन्न हजार वेळा संबंध आला आणि जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही.

बाईंनी गिलास खाली ठेवला. "मोजलं कोनी?"

"त्यांनीच लिहून दिलं असेल."

"मंग लिवायला मधीच उठायचे का?"

मी एक्कावन्न वर्षांचा आहे, दोन मुलींचा बाप आहे. मी कपाटातले खोके नीट लावायला घेतले.

पण बाईंना मुद्दा नेमका कळला होता. आमच्या रिपोर्टवर विषाणू सापडला नाही तर 'टीएनडी' असं येतं. तेव्हापासून बाईंनी तीन गावांत दवंडी पिटल्यासारखं सांगितलं, "टीएनडी हाय, गोळी रोज चालू हाय, तर नवराबायकोला येकमेकांचं लागत नाय. नवशे घरांत बघून आलेत लोक." आडगावच्या एका सासूने सुनेला माहेरी धाडलं होतं, तिला बाईंनी ओसरीत बसवून तासभर हे ऐकवलं आणि सून परत आणायला लावली. मला त्यांचा अभिमान वाटला. तोंडावर मी बोललो नाही, कारण मग त्या महिनाभर ऐकवत बसतात.

तरी डायरीच्या पहिल्या पानावरचा नियम काही बदलला नाही. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं, 'आपल्यातला आपल्यात.' पॉझिटिव्ह मुलीला पॉझिटिव्हच मुलगा. मी विचारलं तर म्हणाल्या, "आपल्यातल्याला समजावून सांगत बसावं लागत नाय. सोपं पडतं." ते मलाही पटलं होतं.

मग वहीत भाग्यश्री आली. वय सव्वीस, द्वारका चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात काम करते. जन्मापासून पॉझिटिव्ह. आईवडील लहानपणीच गेले, सटाण्याकडच्या सुवर्णामावशीने वाढवलं, आता दोघी इंदिरानगरला राहतात. सहा वर्षं सलग टीएनडी, बाटली अशी की बाईंनी एकदा वाजवली आणि पुन्हा वाजवलीच नाही. वहीत तिच्या नावापुढे त्यांनी दोन चांदण्या काढल्या.

सात मुलं दाखवली. पहिला फार मोठ्याने हसतो म्हणून नको. दुसरा मोबाइलशीच बोलत बसला. तिसऱ्याने सहा भजी खाल्ली आणि तिला एक विचारलं नाही. असं करत सातवा आला, त्याच्यात तर काही खोटच नव्हती. भाग्यश्री म्हणाली, "काकू, ह्याच्यात एकपण खोट नाही. मला भीती वाटते."

बाई चक्रावल्या. मलाही काही समजेना. आणि एका सकाळी ललित माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"काका, आईला तुम्ही सांगाल?"

"काय?"

"भाग्यश्रीचं."

मी खिडकी लावून घेतली. तो दारातून आत आला.

झालं होतं असं, की प्रत्येक स्थळाच्या वेळी भाग्यश्रीला द्वारकेवरून घेऊन जायला आणि परत सोडायला बाई हक्काची गाडी पाठवत. हक्काची गाडी म्हणजे ललितची पिकअप. ओझर, सिन्नर, निफाड, दिंडोरी. सात स्थळं, सात फेऱ्या, जाताना तिने नटून बसायचं आणि येताना त्या मुलाची नक्कल करून ललितला हसवायचं. तेवीस लग्नं जुळवलेल्या बाईंनी चोविसावं स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या डिझेलवर जुळवलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. भाग्यश्रीने स्वतःचं सगळं दुसऱ्याच फेरीत त्याला सांगितलं होतं. त्याला त्यात नवीन काय होतं? तो लहानपणापासून घरात बाटलीचा आवाज ऐकत आलेला.

मी बाईंना सांगितलं.

"नाय जमायचं," त्या म्हणाल्या.

"का? तिच्यात काय कमी आहे?"

"तिच्यात काय बी कमी नाय. ललितला नाय जमायचं."

"बाई, आडगावच्या सासूला तुम्हीच ना शिकवून आलात? नऊशे घरं?"

"ते लोकांचं. हे माझं हाय."

माझं डोकं फिरलं. मी बरंच बोललो, नोटीसबोर्डाकडे हात करकरून बोललो. बाईंनी शांतपणे पिशवीतून गिलास काढला आणि पालथा करून माझ्यापुढे धरला. बुडाला तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका होता.

"ताटालाबी हाय. बावीस वर्सं माझं ताट येगळं, गिलास येगळा. ललितच्या ताटातला घास मी कव्हा उचलला नाय. तव्हा कुठं पोरगं वाचलं. आता त्याला मीच हातानं…"

"गिलासाने लागत नाही हो! कधीच लागत नव्हतं. औषध नव्हतं तेव्हाही नाही."

"मला म्हाईत हाय. मीच सांगती की लोकांला."

"मग?"

"मग काय. म्हाईत असनं येगळं."

त्या उठून गेल्या. मला फार वाईट वाटलं. तो गिलास इतकी वर्षं माझ्या टेबलावर येत होता आणि मी एकदाही तो उलटा करून पाहिला नव्हता.

पुढचे तीन आठवडे बाई आल्या नाहीत. पण बाटली संपली की त्यांना यावंच लागतं, हा आमच्या धंद्याचा एक फायदा आहे. आल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि गोळ्या घेतल्यावर खिडकीशीच थांबल्या.

"त्या नवशे घरांत येखाद्याला तरी लागलं का?"

"जोडीदाराकडून एकालाही नाही."

"आन् पोरंबाळं?"

"आईचं औषध नीट चालू असलं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सगळं झालं, तर बाळाला धोका अगदीच थोडा राहतो."

"ललितला काय घेता येतं का?"

"निगेटिव्ह माणसाने लागण होऊ नये म्हणून घ्यायची गोळी असते. तिचा रिपोर्ट असा असताना त्याला बहुधा लागणारही नाही, पण डॉक्टरांना विचारू." आणि मग मला राहवलं नाही. "आता तर वर्षातून दोनदाच घ्यायचं इंजेक्शनही निघालंय. आफ्रिकेत दोन हजारांवर मुलींना देऊन पाहिलं. त्यांच्यात एकीलाही लागण झाली नाही. आपल्या खिडकीत अजून नाही आलं ते."

"येकीलाबी नाय?" बाई विचारात पडल्या. मग नाक मुरडून म्हणाल्या, "इंजेक्शन वाजवून कसं बघायचं? मंग माझं काय काम?"

त्या हसल्या नाहीत, पण मला बरं वाटलं. जाता जाता म्हणाल्या, "रविवारी तिच्या मावशीला घर बघायला बोलवा. नुसतं घर बघत्यात. मी हा म्हनलेली नाय."

रविवारी सुवर्णामावशी, भाग्यश्री आणि मध्यस्थ म्हणून मी, असे तिघे मखमलाबादला गेलो. मावशी बसल्या बसल्या तिच्या सटाण्याकडच्या बोलीत म्हणाली, "आमनी पोर सरळ शे बरं का," आणि छताकडे बघत राहिली. ललित दाराशी उभा राहून स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा अवघडला होता.

बाईंनी हात पुढे केला. "बाटली आनली का?"

भाग्यश्रीने पर्समधून काढून दिली. त्या दिवशी तेरा तारीख होती, बाटली एक तारखेला उघडलेली. बाईंनी बाटली एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली, मग दुसऱ्या कानाशी नेऊन तिसऱ्यांदा. इतका वेळ त्यांना कधी लागला नव्हता. एखादी तरी चूक सापडावी म्हणून बाई जीव टाकत होत्या, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

"अठरा," म्हणाल्या. बरोबर होतं. बाटली परत देऊन त्या चहा ठेवायला उठल्या आणि भाग्यश्री न विचारता त्यांच्यामागे ओट्याशी गेली.

चहा उकळला. बाईंनी ठिपक्याचा गिलास आधी भरून बाजूला ठेवला आणि मग पातेल्यात साखर टाकली.

"काकू, यात साखर राहिली," भाग्यश्री म्हणाली.

"तो माझा. मला बिनसाखरेचाच."

मी बाहेरून माहिती पुरवली, "त्यांना शुगर आहे."

"कोन म्हनलं?" बाई फणकारल्या. "मला काय बी नाय."

"मग बिनसाखरेचा का?"

बाई पातेलं ढवळत राहिल्या. मग ढवळता ढवळताच, कुणाकडे न बघता म्हणाल्या, "ह्यो लहान व्हता तव्हा माझ्या गिलासातला चहा चोरून प्यायचा. सहा वर्साचं पोर, त्याला ठिपका काय कळतो? मंग मी साखर टाकनंच बंद केलं. येकदा प्याला, तोंड वाकडं केलं, परत नाय आला."

ललित दारातून दोन पावलं आत आला. "मला वाटायचं तुला गोड आवडतच नाही."

"असा चहा कोनाला आवडंल रे?"

मी खाली बघितलं. मावशीने पदर डोळ्यांना लावला. भाग्यश्रीने मात्र डबा उघडला, ठिपक्याच्या गिलासात दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि गिलास ललितच्या हातात दिला. त्याने तो तोंडाला लावला, तसा बाईंचा हात झटक्यात त्याच्याकडे गेला. बावीस वर्षांची सवय. पण तो गिलासापाशी पोचला नाही, मध्येच थांबला.

ललितने अर्धा चहा संपवला आणि उरलेला आईपुढे धरला.

बाई गिलासाकडे बघत उभ्या राहिल्या. मग घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि सगळा पिऊन टाकला. डोळे पुसून वळल्या तेव्हा आवाज नेहमीचा झाला होता.

"लय गोड केलास गं."

"पुढच्या वेळी कमी घालीन, काकू."

"काकू नाय, आई म्हन," बाई म्हणाल्या आणि गिलास तिच्यापुढे केला. "आन् कमी नको घालू. उरला असंल तर अजून दे."