चौदावी रेघ

ती मोटरसायकल मी घेतली तेव्हा तिच्या टाकीत पेट्रोल नव्हतं, गाळ होता. महाडात पुराचं पाणी चढतं तेव्हा गाड्या बुडतात. काही धुऊन पुन्हा रस्त्यावर येतात, काही भंगारात जातात. ही भंगारातली. शंभर सीसीची, टू-स्ट्रोक, माझ्या जन्माच्या आधीची. भंगारवाल्यानंच विचारलं, "घरी सांगितलंस काय?" घरी सांगायला होतं कोण?

आमची वाडी पोलादपूरला लागूनच. बावीस घरं, त्यातली सतरा कुलपात. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, मग पुन्हा कुलूप. माझे आई-बाबा मुंबईला. बाबा एका सोसायटीत वॉचमन, आई त्यांच्यासोबत. मी एकुलता एक, आणि घरात देवापुढं दिवा लागला पाहिजे म्हणून मला इथं ठेवलेला. दिवसा कंपनीच्या बसनं महाडला काम, संध्याकाळी घर. मी बोललो तरच घरात आवाज. भांडायला जरी कुणी असतं तरी चाललं असतं, मला भांडण छान जमतं. एकटेपणाला मी तेव्हा कंटाळा म्हणायचो. गाडी घेतली ती त्या कंटाळ्यातूनच.

गोठा रिकामाच होता. तिथं ती उभी केली आणि रोज संध्याकाळी एकेक भाग सुटा करत बसलो. क्रँकमधून लाल चिखल निघाला, सायलेन्सरमधून गवत, एअर फिल्टरमधून एक अख्खा खेकडा, वाळलेला. महाडला एक म्हातारे मिस्त्री आहेत, या जुन्या इंजिनांची नस जाणणारे. त्यांनी माझं इंजिन बघितलं आणि म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण केलंस बघ." तरी सिलिंडर घासून बोअर मारून दिला, पिस्टन कुठूनसा मिळवला. बांधायचं मात्र मलाच लावलं. तीनदा बांधलं, तीनदा खोललं. चौथ्यांदा, पावसाळ्यात, बाविसाव्या किकला ते पेटलं. गोठा निळ्या धुरानं भरला. मी एकटाच हसत उभा होतो. पाच मिनिटांनी धूर गेला आणि मला कुणाला तरी बोलवावंसं वाटलं. मग बाबांना फोन लावला.

बाबांनी इंजिनाचा आवाज फोनवर ऐकला. म्हणाले, "बोलते हाय रे."

मिस्त्रींनी ट्यूनिंग करून दिलं. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा आत, पाव आटा बाहेर, आणि प्लग काढून रंग बघायचा. दुधाच्या चहासारखा आला तर बरोबर. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा आला तर कमी. शेवटी बोट वर करून बजावलं, "नवा पिस्टन हाय. पयले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नाय. घाट नाय. डबलसीट तर अजिबात नाय. पिस्टन धरला, इंजिन जाम झालं, तर माझ्याकडं यायचं नाय."

मी ते देववाणीसारखं पाळलं. मीटरची केबल मिळत नव्हती, म्हणून हिशोब गोठ्याच्या दारावर. दारापासून मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत अठरा किलोमीटर, जाऊन-येऊन छत्तीस. दर रविवारी एक फेरी, आणि आलो की कोळशानं एक रेघ. चौदा रेघा झाल्या की पाचशे पार. रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. पूर्वी ते जेवलास का विचारायचे आणि पुढं काय बोलावं दोघांनाही कळायचं नाही. आता विचारायचे, "किती झाले रे?" त्यावर आम्ही दहा-दहा मिनिटं बोलायचो. तेवढं बोलणं बाबांशी मी जन्मात कधी केलं नव्हतं.

गणपतीला ते आले तेव्हा पाच रेघा होत्या. आल्या आल्या गोठ्यात गेले, फडक्यानं टाकी पुसली, मागच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. कुडपण त्यांचं आजोळ. लहानपणी आईचा हात धरून घाट चढून जायचे. आता तिथवर डांबरी रस्ता गेला, पण त्यांनी तो बघितला नव्हता. म्हणाले, "एकदा कुडपणला ने रे गाडीवरनं."

मी म्हटलं, "नाय बाबा. इंजिन कोरं हाय. पाचशे होऊ द्या."

"मी पन्नास किलोचा माणूस."

"पन्नास असा नायतर पाच. डबलसीट नाय म्हणजे नाय."

वर थोडं चिडूनच बोललो, माझा स्वभाव तसा. ते "बरं" म्हणाले. "मग शिमग्याला जाऊ." विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी दोघं मुंबईच्या गाडीनं गेले. स्टँडवर सोडायलासुद्धा मी त्यांना गाडीवरून नेलं नाही. बॅग डोक्यावर घेऊन बरोबर चालत गेलो.

तेरावी रेघ मारली त्या आठवड्यात आईचा फोन आला. सोसायटीच्या जिन्यावर बाबा घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मी चार दिवस जाऊन राहिलो. डॉक्टर म्हणाले, काठीनं चालतील, पण मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि टांग टाकून गाडीवर बसायचं तर आता विसरा. बाबा माझ्याकडं बघून हसले आणि तोंड भिंतीकडं केलं.

परत आल्यावर मिस्त्रींना सगळं सांगितलं. ते हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "सांगकाम्या हायस तू. डबलसीट नको म्हटलं ते तुझ्या वयाच्या पोरांना. तिघंतिघं बसून घाटात पिळतात. बापाला सावकाश, थांबत थांबत नेलं असतंस तर इंजिन काय मेलं असतं?"

मला त्यांचा इतका राग आला की दोन रविवार तिकडं फिरकलो नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं? मग राग त्यांच्यावरून निघून माझ्यावर आला आणि तिथंच राहिला. आणि धरला असता पिस्टन, तर काय? तीनदा खोललं होतं, चौथ्यांदा खोललं असतं.

चौदावी फेरी मी केली. त्यानंतर कितीतरी केल्या. रेघ मात्र मारली नाही. एकदा कुडपणलाही जाऊन आलो. मागचे शॉकअप मी शिमग्यासाठी दोघांच्या वजनावर लावून ठेवले होते. एकट्याला ते घाटभर आदळत राहिले. वर हवा विरळ, इंजिन खोकायला लागलं. प्लग काढून बघितला तर काळा. पुसून पुन्हा बसवला आणि पठारावर तासभर बसलो. भाताची खाचरं होती, चार गुरं होती. बाबांचं आजोळ यातलं कुठलं घर, तेवढंही मला माहीत नव्हतं. विचारायला फोन काढला आणि परत खिशात घातला. इतकं एकटं मला वाडीतल्या सतरा कुलपांमध्येही कधी वाटलं नव्हतं.

शिमग्याला ते आले नाहीत. फोन मात्र दर रविवारी येतो.

"किती झाले रे?"

"चारशे अडुसष्ट."

तेरा रेघांचे तेवढेच. पहिल्या वेळी कारण सांगितलं, कार्बोरेटरचं काम काढलंय. मग केबल. मग मिस्त्री आजारी. पाचशे झाले असं सांगितलं की पुढची पाळी त्यांच्या बसण्याची, आणि ते मला तोंडानं बोलता येत नाही. बाबा नुसतं "हां" म्हणायचे.

गेल्या रविवारीही विचारलं. मी म्हटलं, "चारशे अडुसष्ट."

मागं आई भांडी घासत होती, तो आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, "गोठ्याचं दार वल धरतं रे. रेघा पुसल्या असतील, तुझ्या ध्यानात आलं नसंल."

"असंल."

"मग पयल्यापासून मोज. घाई नाय."

फोन ठेवला, फडकं ओलं करून घेतलं आणि तेराही रेघा पुसल्या.