रिकाम्या स्टेजचा फोटो

माझं डोकं लवकर फिरतं, हे जयनगरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण मास्तरांनी अक्काच्या हातात टाळ दिले त्या दिवशी ते जितकं फिरलं, तितकं आधी कधी फिरलं नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरातलं, त्यामुळे घरात मराठी बोललो तरी ताई हा शब्द आमच्याकडे कुणी वापरला नाही. सात वर्षांची असल्यापासून ती या मास्तरांकडे भरतनाट्यम शिकली, आणि चौतिसाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी पाय आपटायला बंदी केली. मास्तरांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग तिचे गेज्जे, म्हणजे पायातली घुंगरं, स्वतःच्या देवघरात ठेवून घेतली. "आता माझ्या शेजारी बसून टाळ धर," ते म्हणाले. अक्का "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि पुढची पाच वर्षं लहान लहान मुलींच्या नाचाला टाळ वाजवत बसली. तिने कधी कुरकुर केली नाही. तिच्या वाटची सगळी मीच केली.

मी तेव्हा बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात होते. तिथे पट्ट्यावरून बोल्ट सरकत जात आणि वर टांगलेला कॅमेरा त्यांतले वाकडे ओळखून काढी. तो प्रोग्राम मी लिहिला होता. युक्ती साधी होती. आधी रिकाम्या पट्ट्याचा एक फोटो कॉम्प्युटरला द्यायचा. मग त्या फोटोपेक्षा जिथे काही वेगळं दिसेल, तिथे बोल्ट आहे असं तो धरून चाले. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी गंमत म्हणून त्या कॅमेऱ्याखाली हात फिरवला. स्क्रीनवर माझी पाच बोटं उमटली आणि मला एकदम अक्काचे हात आठवले. माझी बोटं नाचणाऱ्याची नाहीत, पण तिची गुडघ्यावाचूनही नाचत होती.

मग पाच-सहा महिने, कारखान्यातून आल्यावर आणि रविवारी, मी बोल्टांच्या जागी पानं आणत बसले. दारच्या होंगेच्या झाडाची, म्हणजे करंजाची, पानं स्कॅनरवर ठेवून त्यांची चित्रं घेतली. स्टेजवर अक्का जिथे असेल तिथे मागच्या पडद्यावर पानं फुटायची. ती थांबली की पानांवर पानं चढत झाड उंच व्हायचं, हात पसरले की फांद्या फुटायच्या, आणि ती तिथून सरकली की सगळी पानं गळायची. पाय आपटायची गरजच नव्हती. नुसतं चालत गेली तरी पडद्यावर तिच्यासोबत पानं फुटत जात. आईने हे पाहिलं आणि म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. तू तर बहिणीसाठी अंगणच नवं करून आणलंस गं!"

मास्तरांना बोलवायला आम्ही दोघी गेलो. ते कन्नडमध्येच बोलायचे, आणि मोजकं. सगळं ऐकून घेऊन ते अक्काला म्हणाले, "येतो. कॉम्प्युटर नाचला तर टाळ आहेतच. तू नाचलीस तर गेज्जे परत देईन." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अक्काने मात्र त्यांच्या पाया पडताना माझा हात असा दाबला, की मी गप्प बसले. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "हे फसलं तर मी पुन्हा विचारायची नाही त्यांना."

जवळच्या शाळेचा हॉल आम्हाला एका रविवारी सकाळी मिळाला. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला, स्टेजवरच्या नळीला कॅमेरा उलटा टांगला, आणि मी खाली कोपऱ्यात कॉम्प्युटर घेऊन बसले. मास्तर समोर पहिल्या रांगेत होते. अक्काला बजावलं होतं, "घंटा झाली की मी रिकाम्या स्टेजचा फोटो घेणार. तोवर आत पाऊल टाकायचं नाही." तिने मान हलवली. घंटा झाली. स्टेजचा पडदा बंद होता, मला आतलं काही दिसत नव्हतं. मी बटण दाबलं, फोटो बघायचं घाईत राहून गेलं, आणि थोड्या वेळाने पडदा सरकला.

अक्का उजव्या बाजूला उभी होती, तिच्या मागे कोवळी पानं फुटत होती. पण स्टेजच्या मधोमध, जिथे कुणीच नव्हतं, तिथे आणखी एक झाड उगवत होतं. ते वाढतच गेलं. गळायचं नावच घेईना.

काय झालं ते मला दोन सेकंदांत कळलं आणि पाचावर धारण बसली. नाचणारी माणसं स्टेजवर आधी भूमीला नमस्कार करतात. तुझ्यावर पाय आपटणार आहे, क्षमा कर, असं सांगतात. घरी तालीम करताना अक्का तो नमस्कार मी कॉम्प्युटर सुरू करायच्या आधीच उरकायची. आज तिने तो पडद्याआड, स्टेजच्या मध्यावर केला होता. घंटेच्या आत उठू असं तिला वाटलं असणार, पण त्या गुडघ्याने उठायला वेळ लागला. माझ्या रिकाम्या स्टेजच्या फोटोत वाकलेली अक्का होती. ती उठून गेली, तशी कॉम्प्युटरला तिची रिकामी जागाच वेगळी दिसायला लागली. आणि फोटो पुन्हा घ्यायचा तर खेळ थांबवायला हवा होता.

मी उठले. अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच दटावलं, बस. मग ती वळली आणि त्या झाडाकडे बघतच राहिली, अगदी दारात अचानक पाहुणा यावा तशी. जवळ गेली. बुंध्याला हात लावला. ओंजळीने पाणी घातलं, वाकलेली फांदी हलकेच वर उचलली, घाम पुसला, आणि झाडाच्या कडेला उभी राहून वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ऊन आणि सावली आळीपाळीने पडताना मी पाहिली. हॉलमध्ये एकच दिवा होता आणि तो हलत नव्हता. यातलं काहीही आम्ही बसवलेलं नव्हतं. ही माझी बहीण आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि आज सांगतानाही छाती फुगते.

शेवटी रीतीप्रमाणे पुन्हा नमस्कार. ती मध्यावर गेली, त्याच जागी, सावकाश, एक हात टेकून खाली बसली आणि जमिनीवर वाकली. ती पुन्हा फोटोतल्यासारखी झाली, तसा कॉम्प्युटरला काही वेगळं दिसेना. त्या झाडाची सगळी पानं एकदम सुटली आणि तिच्यावरून खाली येत राहिली.

मास्तर पायऱ्या चढून वर आले. अक्का उठायची धडपड करत होती. कुणी काही म्हणायच्या आत मीच बोलून बसले, "सर, मधलं झाड ही चूक होती. माझी चूक. ती नमस्कार करत होती आणि कॉम्प्युटरने तिला जमीनच समजलं."

"जमीन समजलं?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

ते अक्काकडे वळले. "मग चूक कुठे झाली? तीस वर्षं हिला मी तेच शिकवतोय."

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि गेज्जे बाहेर काढले. म्हणजे सकाळी घरून निघतानाच त्यांनी ते देवघरातून उचलून सोबत घेतले होते.