खुंट्या उपटणारी बाई

पोलिसातून निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस पुसट झाल्या, पण न्यू लिन उपनगराच्या ऑलिंपिक पार्कमधली ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पार्कची बरीच वर्षं नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा अशी गत होती: ओलसर मैदान आणि झाडोऱ्यात हरवलेला ओढा. मग नूतनीकरण निघालं. ओढ्याकाठी नवी पायवाट आखली गेली, पण पिवळ्या फुलांच्या एका कोवायच्या झाडापाशी आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्या रोज उपटलेल्या सापडत. तक्रार आमच्याकडे आली. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराने, खबर दिली, "सार्जंट, एक इंडियन लेडी रोज सकाळी येते. हीप्स वेळा, खूपदा पाहिलंय मी."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिला तिथेच ताब्यात घेतलं. वय तिशीचं, शिकायला आली आणि इथेच स्थायिक झालेली. आडनाव माझ्यासारखंच मराठी. ठाण्यात कॅमेरा सुरू करून मी माझं नाव-आडनाव सांगितलं, तिचे हक्क वाचले आणि सगळी चौकशी इंग्रजीत केली. 'आपल्या माणसाला सांभाळून घेतलं' असं सहकाऱ्यांनी म्हणू नये, ही माझी काळजी. ती गप्प. गप्प बसणारा काहीतरी लपवतो, हा माझा अनुभव. दोन तास तसेच गेले.

शेवटी कंटाळून मराठीत म्हटलं, "ताई, झालंय तरी काय?"

"काका, त्या झाडाखाली माझ्या मुलाची नाळ पुरलीय. घर भाड्याचं, अंगण नाही. तीन वर्षांचा होऊन गेला. अस्थी नाशिकला नेल्या. इथे त्याचं तेवढंच आहे. पार्कात पुरणं बेकायदा असेल, म्हणून कुणाला बोलले नाही."

मी तिथूनच कामाच्या मुकादमाला फोन लावला.

"किया ओरा, सार्जंट. तुम्ही तिला नेलंत, म्हणून तो भाग आधी खोदून उरकला. मातीचा ट्रकही गेला."

कारण सांगितलं, ते त्याला समजावून द्यावं लागलं नाही. तो माओरी होता, इथल्या मूळच्या लोकांपैकी. त्यांच्यातही नाळ जमिनीला देतात.

तिला सांगणं माझ्याकडेच आलं. ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही आडनाव सांगितलंत तेव्हाच कळलं होतं, तुम्ही मराठी आहात. मराठीत विचाराल म्हणून वाट बघत होते."

ताकीद देऊन तिला सोडलं. कागदोपत्री केस उकलली. मला मात्र आजही स्वतःची लाज वाटते. निःपक्षपाती असणं वेगळं आणि तसं दिसायला धडपडणं वेगळं. ते दोन तास मी माझी अब्रू सांभाळत होतो, आणि तिच्याजवळ तेवढाच वेळ होता.