घमेल्यातली चूल

पहाटेचे चार वाजून वीस मिनिटे. बोईसर स्टेशनजवळच्या चाळीत, शेवटच्या खोलीत साखरबाई डोळे मिटून भाकरी थापते आहे. डोळे उघडले तर धूर शिरतो. हाताला अंदाज आहे.

साल १९६७, महिना जानेवारी. नवरा पुंजाराम तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर सेंट्रिंगचा सुतार आहे. दोघे परभणीकडचे. त्याच्या टोळीतल्या आठ जणांचे डबे साखरबाई करते. डबे सहाला साइटवर जाणाऱ्या ट्रकबरोबर जातात. घरभाडे त्यातून निघते. दिवाळीनंतर पालघरच्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलटवून पाहिल्या आणि सांगितले, धूर थांबवा, नाहीतर उरलेली दृष्टीही जाईल. तेव्हापासून घरात एकच प्रश्न आहे. चूल नको, तर काय?

पुंजारामने आधी वातीचा स्टोव्ह आणला. डाळ शिजली, चहा झाला. भाकरी मात्र फुगेना, कारण तिला शेवटी निखाऱ्याची धग लागते. वर रॉकेलचा वास. टोळीतला रामकिसन रिकामा डबा ठेवताना म्हणाला, "वहिनी, भाकरी बरी होती. फक्त खाताना बिडी पेटवायची भीती वाटत होती." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी दोघांनी डबा बंद करायची भाषा केली.

मग कोळशाची शेगडी आली. ती बाहेर पेटवायची, धूर गेला की आत घ्यायची. भाकरी फुगली, पण आठ डबे व्हायच्या आत निखारा बसायचा. एकदा ट्रक डब्यांवाचून गेला. साखरबाई परत चुलीपुढे बसली.

डोंगराकडच्या पाड्यावरून लाडकी नावाची बाई उजाडायच्या आत सरपणाची मोळी घेऊन येते. एका सकाळी मोळी टाकून ती दारातच उभी राहिली.

"बाय, तुझी चूल वाऱ्याच्या तोंडात हाय. थंडीचा वारा डोंगरावरून येतो, तुझ्या दारात शिरतो, नि धूर तुझ्या तोंडात घालतो."

"मग काय करू?"

"पाठ कर त्याला."

दार पूर्वेला होते, मागच्या भिंतीत पश्चिमेला धूर बाहेर जाईल असा झरोका. चूल गावाकडच्या रीतीने मांडलेली: रांधणारीचे तोंड उगवतीकडे. पाठ करायची म्हणजे तोंड मावळतीकडे. पुंजाराम ते ऐकून म्हणाला, "तुझ्या आईनं काय सांगितलं होतं? मावळतीकडं तोंड करून रांधलं तर घराची बरकत जाती."

"आई इथं धुरात बसाया येनार हाय का? आन् चुलीचं तोंड तर उगवतीकडंच ऱ्हाईल. माझं कुनीकडं का असंना."

"पावसाळ्यात वारा दर्याकडनं येनार. तवा परत चूल फोडशील?"

उपाय त्यानेच आणला: साइटवर टाकून दिलेले, काठ फाटलेले लोखंडी घमेले. साखरबाईने त्यात माती, भुसा आणि शेण मळून चूल घातली. वारा फिरला की तीही फिरवता येईल.

आठवडाभर ती ओट्यावर वाळली. आज पहाटेचे डबे जुन्याच चुलीवर झाले; संध्याकाळी दोघांनी नवी उचलून झरोक्याखाली ठेवली. जुनी चूल पुंजारामने पहारीने काढली. साखरबाईने त्या जागेला हळद-कुंकू वाहिले आणि सारवून घेतले. तिच्या डोळ्यांना अजून पाणी आहे. गेलेली नजर परत येईल, असे डॉक्टर म्हणालेले नाहीत.

"उद्या धूर आलाच तर?" पुंजारामने विचारले.

"तर स्टोव हाय, आन् रामकिसनभाऊची बिडी हाय," ती म्हणाली आणि जोंधळ्याचे पीठ चाळायला बसली.

उद्या पहाटे वारा डोंगराकडून असेल. ट्रक सहाला सुटतो. डबे आठच्या आठ आहेत.