आठची बाटली

नदीतून बाटली भरली की काका ती उन्हापुढे धरायचे आणि एक डोळा मिटून गाळाचा निकाल द्यायचे. पावसाळ्यात, "मॅडम, आज चहा हाय." थंडीत, "आज नदी रिकामीच."

सुरगाण्याकडचा हा माणूस नाशिकला गोदावरीच्या काठी राहून आमच्या संशोधनासाठी रोज सकाळी आठला पाणी भरायचा. मी इंदिरानगरात संगणकापुढे बसून समुद्राचं गणित मांडणारी. नदीचा गाळ समुद्रात मेलेल्या सूक्ष्म जीवांना चिकटतो, त्यांना जड करतो, मग ते आपल्यातला कार्बन घेऊन लवकर तळाला जातात. किती लवकर, ते माझं गणित. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आपली माती तिकडं वजनाला लागते." मला एवढं सांगायला वीस पानं लागली होती.

पण पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला होता. "काका, एकही दिवस चुकवायचा नाही हं." झालं. त्या एका वाक्यानं माणूस काठाला बांधला गेला. सण नाही, ताप नाही. मुलीच्या साखरपुड्यालासुद्धा बाटली भरून मग गेले, पोचले ते शेवटच्या पंगतीला. मी हे चारचौघांत कौतुकानं सांगायचे. आता लाज वाटते.

एका जानेवारीत सकाळी सातला फोन आला. "मॅडम, आईचं काय खरं नाय. सुरगाण्याची जीप उभी हाय. पण बाटली आठची."

तुम्हीच सांगा, काय म्हणायला हवं होतं? माझं सगळं गणित पावसाळ्याच्या गाळावर चालतं. थंडीतले दिवस असले काय, नसले काय. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सवयीनं तोंडातून गेलं, "तेवढी भरून निघाल का?"

"भरतो की."

पुढची जीप दहाला सुटली. काका पोचायच्या आधी तासभर आई गेली होती. सारखी दाराकडे बघत होती म्हणे.

कार्य उरकून परतले तेव्हा मधल्या दिवसांच्या बाटल्या राहिल्या म्हणून त्यांनीच माझी माफी मागितली. मी "असू द्या" म्हटलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही, अजूनही झालेली नाही. उन्हाळ्यात ते काम सोडून गावी गेले.

त्यांच्या खोलीत फळीवर बाटल्या तारीखवार लावलेल्या आहेत. परवा त्या सकाळची काढली आणि उन्हापुढे धरली. तळाला चिमूटभरही गाळ नव्हता. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: सकाळी आठ. नदी रिकामी.