यात मगज आहे का?

आम्हा सोमवारच्या भजनी बायकांचे किस्से उदबत्तीच्या राखेसारखे; मुद्दाम कुणी साठवत नाही, पण बघावं तेव्हा ढीग! चिकलठाण्याच्या आमच्या कॉलनीत दुपारी भजन संपतं, वरून विमान गुणगुणत जातं, डोळे जड होतात, आणि कुणीतरी माझ्या सुनेचा, गौरीचा, विषय काढतंच.

*

लग्नानंतरची तिची पहिली जन्माष्टमी. पंजिरीचा प्रसाद खाल्ला आणि पाच मिनिटांत ओठ टम्म सुजले. आमच्या नलूताई कौतुकानं म्हणाल्या, "नवी लिपस्टिक का गं? लई खुलून दिसतीस!"

तोवर पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

*

रिक्षातून दवाखाना. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर म्हणाले, "मगजाची ॲलर्जी. पुन्हा पोटात गेला तर जिवावर बेतेल."

मगज म्हणजे खरबुजाच्या सोललेल्या बिया. मीच हौसेनं पंजिरीत घातलेल्या!

नलूताईंनी कपाळाला हात लावला. "अगंबाई! मगजच चालत नाय, तर पोरीनं विचार कशानं करायचा?"

*

तेव्हापासून जाऊ तिथं एकच प्रश्न. एका लग्नात आचाऱ्याला विचारलं, "भाऊ, भाजीत मगज आहे का?"

तो दुखावलाच. "ताई, तीस वर्षं पंगती उठवतोय, उगंच का?"

"म्हणजे आहे?"

"भरपूर!"

गौरी दहीभात खाऊन घरी आली.

*

शेजारच्या शबानाभाभींचं माहेर सिल्लोडचं. ईदला छोटं पातेलं घेऊन आल्या, वर पांढराशुभ्र रुमाल. "बहू का शीरखुर्मा अलग बनाई, चमचा भी अलग. ये बोले, जरा चखूँ? मैं बोली, तुमकू ॲलर्जी है क्या? फिर चुप बैठो!"

*

आणि माझं उद्यापन. गौरीचा श्वास मोकळा राहू दे म्हणून महादेवाचे सोळा सोमवार धरले होते. सतराव्या सोमवारी घर तुपाच्या वासानं आणि धुपानं असं भरलं, की पाय जमिनीवर आहेत असं वाटेना. सोयगावहून नणंदबाई स्वतः केलेला चुरमा घेऊन आल्या. आरती झाली, आणि त्यांनी पहिला घास गौरीच्या हातावर ठेवला.

"खा बाई. मगज घातलाय, पण देवापुढचा हाय. काय नाय व्हत."

प्रसाद नाकारू नये, हे गौरीला मीच शिकवलेलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. हात तोंडाकडं निघाला होता.

मी तिचं मनगट धरलं. घास काढून ताटात ठेवला, तिचे हात नळाखाली धरले.

नणंदबाई कडाडल्या, "सोळा सोमवार केले, अन् उद्यापनाला व्रत मोडलंस?"

"मोडू द्या, वन्सं." मी गौरीची बोटं पदरानं पुसत होते. "येत्या सोमवारी परत पहिला धरते."